अंधारलेल्या पडद्याची नाडीपरीक्षा

बिघडलेल्या यंत्राला चापट मारून ठिकाणावर आणण्याची विद्या आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. रेडिओ खरखरू लागला की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी उठत, त्याच्या पाठीत एक ठेवून देत, आणि काय आश्चर्य, गाणे पुन्हा सुरू होई! या विद्येत अगदीच अर्थ नव्हता असे नाही. जुन्या रेडिओतील व्हॉल्व्ह आपापल्या खोबणीत सैल होत आणि धक्क्याने पुन्हा नीट टेकत. पण काळ बदलला. रेडिओची जागा टेलिव्हिजनने घेतली, टेलिव्हिजनच्या शेजारी संगणक आला, आणि त्याचा पडदा आता इतका सडपातळ झाला आहे की त्याला चापट मारणे म्हणजे आजाऱ्याची नाडी पाहण्याऐवजी त्याच्या कानशिलात भडकावणे होय.

हा विषय आजच काढण्याचे कारण दिवाळी. दिवाळीच्या तोंडावर घरोघर माळे उपसले जातात. पितळेची गळकी घागर, मोडकी तीनचाकी सायकल, कोणाच्या तरी लग्नात आलेली घड्याळे, आणि या सगळ्यांच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेला संगणकाचा एक काळा पडदा. हा अलीकडे बहुतेक घरांतून हमखास निघतो. "हा का ठेवलाय?" "बंद पडलाय." "काय झालंय त्याला?" या प्रश्नाला मात्र उत्तर नसते. खाली भंगारवाल्याची हाळी ऐकू येत असते, आणि पडदा किलोच्या भावाने जातो.

माझे सांगणे एवढेच आहे, की आपण मेलेले समजतो त्या पडद्यांपैकी पुष्कळांचा आजार किरकोळ असतो, आणि तो कोठे आहे हे शोधण्याचे निम्म्याहून अधिक काम घरचा माणूस एकाही स्क्रूला हात न लावता करू शकतो. मात्र पडद्याची पाठ उघडण्याची वेळ आली, की तेथे घरच्या माणसाने थांबावे. कोठवर जावे आणि कोठे थांबावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. त्या मला कशा कळल्या, ते सांगते.

सतरा तारखेची सकाळ

आमचे घर वरवे बुद्रुकला आहे. भोर तालुक्यातील हे गाव पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कात्रज ओलांडून खेड शिवापूर मागे टाकले की लागते. पुण्यापासून अंतर तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे शहर म्हटले तर जवळ आणि एखाद्या वस्तूची नड लागली तर दूर! निवृत्तीनंतर पुण्यातील दोन खोल्या सोडून आम्ही उभयता येथे राहावयास आलो. मागोमाग मुलगा, सून आणि आठवीतला नातू हेही आले. मुलगा रोज पुण्याला नोकरीला जातो. सून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि तिने घरी बसून आसपासच्या तीन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे काम धरले आहे. काम नवे, गिऱ्हाईक मोजके, तेव्हा शब्द पाळणे हेच तिचे भांडवल.

तिच्या संगणकाचा बावीस इंची पडदा श्रावणापासून कुरकुर करू लागला होता. सकाळी बटन दाबले की लागायला मिनिटभर वेळ घेई. पुढे पाच मिनिटे घेऊ लागला. एकदा लागला की मात्र दिवसभर बिनतक्रार चाले, त्यामुळे आम्हीही त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. घरातील म्हातारे माणूस सकाळी उठताना कण्हते, पण मग दिवसभर हिंडते फिरते, तसेच हे! आणि एका सकाळी तो लागलाच नाही. कोपऱ्यातील निळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

"आई, आज सतरा तारीख," सून म्हणाली. तिच्या आवाजावरूनच मला कळले. जीएसटीचे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्या व्यापाऱ्याला ते वीस तारखेच्या आत भरावे लागते. उशीर झाला आणि कर देणे असला, तर दर दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क पडते. पन्नास रुपयांचे एवढे काही नाही, पण नव्याने विश्वास टाकलेल्या माणसाला "आमचा पडदा बंद होता" हे कारण कोणत्या तोंडाने सांगायचे?

आमच्या ह्यांनी परंपरेला अनुसरून पडद्याला एक चापट मारून पाहिली. नातू आनंदाने म्हणाला, "आजी, गेला हा! आता मोठा घेऊ या." शहरातील एका दुकानात फोन केला, तर पलीकडून तत्काळ निदान आले, "बोर्ड गेला असेल काकू. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीन घेऊन टाका." रोग्याला न पाहता रोग सांगणाऱ्या वैद्याविषयी माझे मत प्रथमपासूनच फारसे चांगले नाही. मी फोन ठेवला.

एका वेळी एकच गोष्ट

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. यंत्रदुरुस्ती हा काही माझा विषय नव्हे. पण प्रयोगशाळेत मुलांना एक गोष्ट मी कायम बजावीत आले, ती अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते पाहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तरी आपल्याला काहीच कळलेले नसते. हाच नियम लावून नातवाला आणि मला जे प्रश्न त्या पडद्याला विचारता आले, ते असे.

पहिला प्रश्न, वीज पोहोचते आहे का? यासाठी ज्या पॉइंटवर पडदा लावला आहे, त्याच पॉइंटवर टेबललॅम्प लावून पाहावा. तो लागला, तर वायर तपासावी. संगणकाच्या डब्याला वीज देणारी वायर आणि पडद्याला वीज देणारी वायर बहुधा एकाच जातीची असते, तेव्हा दोन्हींची अदलाबदल केली की वायरचा दोष लगेच उघडकीस येतो. काही पडद्यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. तोच गेला असेल, तर पडदा निर्दोष आहे. मात्र बदली अडॅप्टर घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा अधिक हवेत, आणि पिनेचे धन-ऋण तेच हवे.

दुसरा प्रश्न, कोपऱ्यातील दिवा काय सांगतो? दिवा मुळीच नसेल तर वीज आत पोहोचत नाही किंवा आतील वीजविभाग बसला आहे. दिवा पिवळा असेल किंवा सावकाश लुकलुकत असेल, तर पडदा बहुधा झोपलेला आहे आणि संगणकाकडून चित्र येण्याची वाट पाहतो आहे. प्रत्येक कंपनीची दिव्याची भाषा थोडी निराळी असते, म्हणून माहितीपुस्तिका फेकून देऊ नये.

तिसरा प्रश्न फार गुणाचा आहे. संगणकाकडून पडद्याकडे येणारी चित्राची केबल काढून टाकावी, वीज तेवढी ठेवावी, आणि पडदा सुरू करावा. धडधाकट पडदा असेल तर तो स्वतःहून तक्रार करतो, "सिग्नल नाही", "केबल तपासा". ही अक्षरे उमटली की हायसे वाटू द्यावे. पडदा जिवंत आहे, त्याचा उजेड जिवंत आहे. दोष एक तर केबलमध्ये, नाही तर संगणकात. कित्येकदा तर पडद्याच्या यादीत चित्र कोठून घ्यायचे तो मार्गच चुकीचा निवडला गेलेला असतो. एका बटनाचे काम, आणि त्यासाठी पडदा माळ्यावर जातो!

चौथा प्रश्न, जोडीदार बदलून पाहिला तर? पडद्याला दुसरा संगणक जोडावा, आणि संगणकाला दुसरा पडदा. दोघांपैकी आजारी कोण, हे येथे निर्विवाद ठरते. घरात दुसरा पडदा नसेल तर भिंतीवरचा टेलिव्हिजन आहे ना! केबल टीव्हीच्या डब्याची जी एचडीएमआय वायर असते, तीच काढून संगणकाला लावता येते.

पाचवा प्रश्न विजेरीचा, म्हणजे हातातील बॅटरीचा. खोली अंधारी करावी, पडदा सुरू करावा, आणि काळ्या काचेवर बॅटरीचा झोत तिरका टाकून बारकाईने पाहावे. आत पुसटशी अक्षरे, खिडक्या, चित्रे दिसली, तर समजावे की चित्र तयार होते आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे.

आमच्या पडद्याची उत्तरे काय आली? टेबललॅम्प लागला. वायर बदलली, फरक नाही. चित्राची केबल काढली, तरी पडद्याने तक्रार केली नाही. बॅटरीच्या झोतात काही दिसले नाही. आणि टेलिव्हिजनला संगणक जोडताच सुनेचे हिशेब दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन हात रुंद होऊन झळकले! संगणक निरोगी, केबल निरोगी, दोष पडद्यातच. आणि रोज उशिरा लागणे, मग नुसता दिवा लुकलुकणे, या लक्षणांवरून संशय त्याच्या वीजविभागावर. आमच्या तपासणीला पाऊण तास लागला, आणि खर्च काही नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दिवाणखाना म्हणजे सुनेची कचेरी झाली. आमच्या ह्यांची संध्याकाळची मालिका बुडाली, ती त्यांनी काहीशा हुतात्म्याच्या मुद्रेने सहन केली. एकोणीस तारखेच्या रात्री तिन्ही विवरणपत्रे गेली. विषय मिटला तो तारखेचा. पडदा अजून काळाच होता.

दिवा विझला तरी बाहुल्या नाचतात

येथे थोडे थांबून हा पडदा मुळात चालतो कसा ते पाहू. ते कळले की वरच्या पाच प्रश्नांचा अर्थ आपोआप उलगडतो.

सिंधुदुर्गातील पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे बाहुल्या, आणि प्रेक्षकांना दिसते ती सावली. समजा, मध्येच दिवा विझला. बाहुल्या नाचतच असतात, पण पाहणाऱ्याला काही दिसत नाही. संगणकाचा नेहमीचा चपटा पडदा नेमका असाच आहे. त्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाही. तो मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो, झरोक्याच्या झडपेसारखा. म्हणून मागचा दिवा गेला तरी बॅटरीच्या झोतात चित्र पुसट दिसू शकते.

हा द्रवस्फटिक सापडला तो गाजराच्या अभ्यासातून, हे ऐकून गृहिणींना मौज वाटेल. 1888 साली प्राग शहरी फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातील एका द्रव्यावर काम करीत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ सुमारे 145 अंशांना वितळे, पण वितळूनही गढूळच राही, आणि 178 अंशांच्या पुढे गेल्यावर एकाएकी स्वच्छ होई. एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! द्रव असूनही स्फटिकासारखी शिस्त पाळणारी ही अवस्था पुढे ऐंशी वर्षे बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिली. 1968 साली अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचा पडदा करून दाखवला. या कथेत आपल्या देशाचेही पान आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. असेच रेणू वापरून पुढे पातळ फिती तयार झाल्या, आणि बाजूला बसलेल्या माणसालाही पडदा नीट दिसू लागला.

त्याआधीचा जमाना फुगीर काचेच्या नळीचा. 1897 साली कार्ल फर्डिनांड ब्राउन याने ती नळी प्रथम केली, आणि टेलिव्हिजनने तिला घरोघर पोहोचवले. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्याला दिसू लागले. आमच्या शिवगंगेच्या खोऱ्याच्या माथ्यावर असलेल्या या गडाने तानाजीच्या पराक्रमानंतर तीन शतकांनी असेही एक काम केले! त्या मनोऱ्याच्या आधाराने पुणे जिल्ह्यात टेलिव्हिजन दुरुस्त करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. आमचा पडदा शेवटी त्या पिढीतल्याच एका कारागिराच्या हाती गेला.

"हात खिशात घाल, बाळा"

आमच्या गावाजवळ नसरापूर. बनेश्वराच्या देवळामुळे ते नाव आपण ऐकलेच असेल. तेथे एक वयस्क कारागीर छोट्याशा खोलीत बसून टेलिव्हिजन, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. पडद्याच्या काचेवर पुठ्ठा लावून, तो गोधडीत गुंडाळून नातू आणि मी त्यांच्याकडे घेऊन गेलो.

त्यांनी पडदा पाहण्याआधी आम्हाला प्रश्न विचारले. "रोज उशिरा लागत होता का, काकू? एकदा लागला की मग दिवसभर चालायचा? जळका वास आला होता कधी?" उशिरा लागे, लागला की चाले, वास नाही. ते हसले. "मग ह्याचा कंडेन्सर थकलाय. पंख्याचा जातो ना, तसाच. जात जरा वेगळी."

त्यांनी पडदा एकवार विजेला लावला, दिव्याचे लुकलुकणे पाहिले, पिन काढली, आणि मग ते स्वस्थ बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मागचे झाकण उघडले. आत पत्र्याची पेटी, पेटीत बोटभर उंचीच्या डब्या मांडलेली हिरवट पाटी. नातवाला राहवले नाही. तो वाकला, आणि त्याचे बोट सर्वांत मोठ्या काळ्या डबीकडे गेले.

"हात खिशात घाल, बाळा. दोन्ही."

आवाज चढलेला नव्हता, पण पोराने झटक्यात हात खिशात घातले. कारागिराने मीटरची दोन टोके त्या डबीच्या पायांना टेकवली. पिन काढून इतका वेळ झाला होता, तरी काट्याने शंभराच्या वर व्होल्ट दाखवले! मग त्यांनी पंधरा वॅटचा एक साधा बल्ब घेतला. त्याच्या होल्डरला दोन वायरी जोडलेल्या होत्या. त्या त्यांनी डबीच्या पायांना लावल्या. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. विजेशी कसलाही संबंध न उरलेल्या यंत्राने बल्ब पेटवला होता! मीटर पुन्हा लावला, तेव्हा काटा शून्यावर.

"आता हात लावायचा," ते म्हणाले. "तोही एकच. दुसरा पाठीमागे. दोन हात लावले तर करंट छातीतून जातो."

वाचकहो, या लेखातील एवढाच प्रसंग आपल्या लक्षात राहिला तरी मला पुरे आहे. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची. पडद्याच्या वीजविभागात ती एकाच दिशेची केली जाते, तेव्हा त्या मोठ्या डबीत सुमारे 325 व्होल्ट साठतात, आणि पिन काढल्यावरही काही काळ तेथेच दबा धरून बसतात. जुन्या फुगीर नळीचा पडदा तर त्याहून भयंकर. रंगीत नळीत पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि आतील पोकळीमुळे काच फुटली तर तुकडे अंगावर उडतात. म्हणून ज्याने हे काम हाताखाली बसून शिकलेले नाही, त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन पडद्याच्या पाठीशी जाऊ नये. बटने, वायरी, केबल, बॅटरी हे सर्व आपले. झाकणाच्या आतले सर्व त्यांचे.

दोन फुगलेल्या डब्या

दोष दिसायला फार शोधावे लागले नाही. पाटीवरच्या दोन लहान डब्यांचे माथे फुगले होते. चांगल्या डबीचा माथा नाण्यासारखा सपाट असतो. त्यावर मुद्दामच एक चीर पाडलेली असते, आतला दाब वाढला तर तेथून बाहेर पडावा म्हणून. या डब्यांत अल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये कागद, आणि कागदात मुरवलेला विद्युतद्रव असतो. वर्षानुवर्षे उष्णतेने तो द्रव आटत जातो. आटलेली डबी थंड असताना काम करू शकत नाही, थोडी ऊब मिळाली की कशीबशी उभी राहते. श्रावणातील ओलसर गार सकाळी पाच-पाच मिनिटे चाललेले आमच्या पडद्याचे कण्हणे ते हेच होते. उष्णता दहा अंशांनी कमी ठेवली तर या डबीचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. पडद्याच्या पाठीमागची जाळी भिंतीला चिकटू देऊ नये आणि धुळीने बुजू देऊ नये, असे सांगतात ते याचसाठी. 1999 ते 2007 च्या सुमारास तर सदोष द्रवाच्या डब्या जगभरच्या संगणकांत शिरल्या होत्या आणि अकाली फुगून त्यांनी लाखो यंत्रे बंद पाडली होती. त्या काळातील पडदा आपल्या माळ्यावर असेल, तर त्याची शंका प्रथम येथेच घ्यावी.

कारागिरांनी कथील वितळवून जुन्या डब्या काढल्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या डब्यांचा साठा त्यांच्याकडे होताच. तेवढ्याच हजार मायक्रोफॅरडच्या, पंचवीस व्होल्टच्या, 105 अंश उष्णता सोसणाऱ्या दोन त्यांनी निवडल्या, आणि ऋण बाजूची पट्टी नातवाला दाखवून बसवल्या. "धारणा तेवढीच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि उलटी लावायची नाही. उलटी लावली तर फुटते," हे तीन नियम पोराने वहीत लिहून घेतले. बटन दाबताच निळा दिवा स्थिर झाला, आणि पडद्यावर ती बहुप्रतीक्षित तक्रार उमटली, "सिग्नल नाही". इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती!

दोन डब्यांची किंमत चहाच्या दोन कपांएवढी. मजुरीसह त्यांनी तीनशे रुपये घेतले. नव्या पडद्याला आठ-नऊ हजार गेले असते.

कधी सोडून द्यावे

याचा अर्थ प्रत्येक पडदा वाचतोच असा नाही, आणि तसा आग्रह धरणे हेही शहाणपणाचे नव्हे. काचेला तडा गेला असेल, आत शाई सांडल्यासारखा डाग पसरला असेल, तर विषय संपला. नवी काच जवळजवळ नव्या पडद्याच्याच भावात पडते. उभ्या रंगीत रेघा कायमच्या आल्या असतील, तर बहुधा काचेच्या कडेची केसासारखी सूक्ष्म जोडणी सुटलेली असते. तीही घरगुती कारागिराच्या हातची नव्हे. मात्र सगळ्याच चित्राला पिवळट किंवा गुलाबी छटा आली असेल, तर आधी जुन्या पद्धतीच्या निळ्या तोंडाच्या केबलची पिन वाकली आहे का ते पाहावे. एखादा रंगच आत पोहोचत नसतो. पडदा लागून दोन सेकंदांत काळा होत असेल तर मागच्या उजेडाचा विभाग संशयित. आणि यादी आपोआप उघडत-मिटत असेल तर बटन चिकटले आहे किंवा त्यात दमट हवा शिरली आहे.

दुरुस्तीला जावे की नाही याचा माझा हिशेब सोपा आहे. कारागीर जो खर्च सांगेल तो नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्त करावे, निम्म्याच्या वर गेला तर सोडावे, आणि मधल्या बाबतीत पडद्याचे वय विचारावे. कारागीर मात्र असा निवडावा, जो आधी प्रश्न विचारतो आणि काढलेला भाग परत हातात देतो.

दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्काला जगभर हळूहळू मान मिळू लागला आहे. युरोपात 1 मार्च 2021 पासून पडदे विकणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक सुटे भाग निदान सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या माहितीसाठी एक संकेतस्थळ सुरू केले. आणि 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी मोडीत निघालेल्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हे शेवटचे गृहिणींनी विशेष ध्यानात घ्यावे. फुगीर नळीच्या काचेत शिसे असते, आणि साधारण 2010 पूर्वीच्या चपट्या पडद्यांतील बारीक दिवेनळ्यांत पारा. असा पडदा अंगणात फोडून तांबे काढणाऱ्याला देणे म्हणजे ते विष आपल्याच मातीत कालवणे. खरोखरच सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्यावा.

सफाईच्या वेळी

आता दिवाळीच्या सफाईविषयी दोन शब्द. पडद्यावर काच पुसायचे औषध कधीही फवारू नये. थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतात, आणि चित्र हाकणारे नाजूक भाग अनेक पडद्यांत तेथेच असतात. पडदा बंद करून, पिन काढून, मऊ सुती फडके शुद्ध पाण्याने किंचित ओलसर करावे आणि दाब न देता पुसावे. पाठीची जाळी कोरड्या मऊ ब्रशाने झाडावी, तीही बाहेरूनच. आमच्यासारख्या खेड्यात राहणाऱ्यांनी मुंग्यांवर नजर ठेवावी, त्यांना यंत्राची ऊब फार आवडते. वळवाचा कडकडाट सुरू झाला की पिन उपसून ठेवावी. पडद्यांना कमी दाबाची वीज बहुधा बाधत नाही, एकाएकी येणारा तडाखा बाधतो.

आणि माळ्यावरून काळा पडदा निघालाच, तर त्याला भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी पाऊण तास द्यावा. घरातल्या पोराला शेजारी बसवावे, टेबललॅम्प आणि बॅटरी घ्यावी, आणि पाच प्रश्न विचारावेत. पडदा सुरू झाला तर कोणा शिकणाऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल. नाहीच झाला, तरी पोराला एवढे कळेल की बंद पडलेल्या वस्तूला काय झाले हे विचारता येते, आणि ती उत्तर देते. चापट मारून हे उत्तर मिळत नाही, आणि नुसते पैसे टाकूनही मिळत नाही.